दारू सुटली, पण मटण सोडल्यावर

परवा रविवारी हुरडा पार्टीला गेलतो. आमच्या सोलापुरात तुळजापूर रोडला मित्राच्या मित्राचं शेत आहे तिथं. दरवर्षी आमच्या ग्रुपचं ठरलेलंच असतंय, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधीचा रविवार, पंधरा-वीस जण, आगटीतला गरम हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही, आणि गाडीच्या डिकीत ते बाकीचं. डिकीतलं काही कुणाला दिसत नाही असं सगळ्यांनी मिळून समजायचं असतं, कारण बायका-पोरं पण आलेली असतात. मग एकेक जण ‘गाडीत चार्जर राहिला’ म्हणून उठतो आणि दहा मिनिटांनी बडीशेप चघळत परत येतो. एवढ्या बायका काय आंधळ्या आहेत का? पण त्या पण आपापसात बोलत बसतात, जाऊ दे म्हणून.

यावेळी अण्णाला सोबत नेलतं. अण्णा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, आता ४९ चा आहे. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना तो आधीपासून माहीत आहे, म्हणजे ‘आधीचा’ अण्णा माहीत आहे. तर डिकीपाशी एकानं ग्लास भरून पुढं केला, “घ्या की अण्णा, थंडी काय पडलीय बघा.” अण्णा काही बोलला नाही, फक्त शर्टाचं वरचं बटण काढून कॉलर बाजूला केली. आत तुळशीची माळ. त्या माणसानं ग्लास पटकन मागं लपवला, दुसरा हात छातीला लावला, “माऊली! सॉरी सॉरी, माहीत नव्हतं,” आणि स्वतः पळत जाऊन अण्णासाठी ताक घेऊन आला.

मला आधी हसू आलं. मग नाही आलं. कारण याच माणसानं चार-पाच वर्षांपूर्वी, अण्णा हात जोडून ‘नको रे, मला सोसत नाही’ म्हणत असताना, त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणलं होतं, “नाटकं करतो का बे, एका पेगनं कोण मरत नसतंय.” आणि एकटा तोच नाही. मी पण होतो त्यात. ते पुढं सांगतो.

आधी अण्णा कोण ते सांगितलं पाहिजे. अण्णा पूर्व भागात एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर समजा, माग बिघडला, धोटा अडकला, डिझाइन चुकायला लागलं की जॉबरला हाक. हात इतका बसलेला की नुसत्या खटखटीवरून कुठल्या नंबरचा माग आजारी आहे ते सांगायचा. पिणं सुरू झालं विशीत, कारखान्यातल्या लोकांबरोबर, पगाराच्या दिवशी. कायद्यानं आपल्या राज्यात बिअरला २१ आणि हार्डला २५ वय लागतं म्हणे, मला अजून एक पण माणूस भेटला नाही ज्यानं पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत वाट बघितली. तर पगाराच्या दिवशीचं मग एक दिवसाआड झालं, मग रोज झालं, मग सकाळी हात थरथरतात म्हणून कामाला जायच्या आधी एक नाईन्टी. ते हात थांबवण्यासाठीचं होतं, मजेसाठीचं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आणि या सगळ्या वर्षांत अण्णा लोकांना आवडायचा! हे महत्त्वाचं आहे. लग्नात वरातीपुढं नाचायला अण्णा पाहिजे, गणपती विसर्जनाला लेझीम खेळायला अण्णा पाहिजे, कुणाच्या तरी मयतीनंतर बसायला पण अण्णाच पाहिजे. “अण्णा आला की मैफिल जमते.” पिऊन एकदा तो स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नात मांडवाचा खांब धरून झोपला होता त्याची गोष्ट अजून आमच्याकडं प्रत्येक कार्यात निघते, आणि सगळे पोट धरून हसतात, आणि वहिनी आत स्वयंपाकघरात भांडी मोठ्यानं आपटते.

तोच अण्णा एकदा रात्री अकरा वाजता अशोक चौकात रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला, तेव्हा त्याच लोकांतल्या एकानं मला फोन केला, “तुझा तो बेवडा भाऊ पडलाय बघ, उचलून ने, लाज आहे का घरात कुणाला.” मांडवात पडला की किस्सा आणि चौकात पडला की बेवडा. माणूस तोच. रिचवलेला माल पण तोच.

माल तोच यावरून आठवलं. आपला जिल्हा उसाचा, साखर कारखान्यांचा. कारखान्याची मळी निघते, त्या मळीचं स्पिरिट होतं, त्या स्पिरिटचीच देशी होते आणि आपण परमिट रूमच्या एसीत बसून ज्याला व्हिस्की म्हणतो त्यातली पण बरीचशी त्याच स्पिरिटला रंग आणि वास लावून केलेली असते. मळी एकच. फरक फक्त बाटलीचा आणि बसायला खुर्ची मिळते का उभ्यानंच प्यावी लागते याचा. पण आमच्या एका आत्याला विचाराल तर रिक्षावाला पितो तो दारुडा, आणि तिचे जावई “कंपनीत मोठ्या पोस्टवर आहेत ना, थोडी घ्यावी लागते.” जावयांना मी उचलून गाडीत घातलंय दोन वेळा. आत्याला सांगितलं नाही अजून.

असो. २०१८ चा ऑगस्ट. अण्णा मोटरसायकलवरून घसरला, डावा पाय मोडला, नडगीचं हाड. रात्री एका खाजगी दवाखान्यात नेलं (नाव सांगत नाही, त्यांची चूक नव्हतीच). रिसेप्शनला एक पोरगी फॉर्म भरत होती, शुगर आहे का, बीपी आहे का, कुठल्या गोळीची अ‍ॅलर्जी आहे का, आणि मग विचारलं, “दारू वगैरे?”

काउंटरवर मागं चार माणसं उभी होती. त्यातला एक आमच्या गल्लीतला. वहिनी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणलं, “नाही. म्हणजे कधीतरी, सणासुदीला.”

तिनं ‘नाही’वर टिक केली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, रॉड टाकला, सगळं व्यवस्थित. अण्णा घामाघूम होता, हात थरथरत होते, आम्हाला वाटलं दुखत असेल, भूल उतरत असेल. झोप तर अजिबात नाही. तिसऱ्या रात्री सोबतीला मीच होतो. अडीच-तीनच्या सुमाराला जाग आली तर अण्णा उठून बसलेला, पाय तसाच, आणि दोन्ही हातांच्या चिमट्या हवेत. मी म्हणलं काय करलालास अण्णा? तर माझ्याकडं न बघता म्हणला, “माग बंद कर बे आधी, तार तुटलाय, अख्खा बीम खराब होईल.” आणि हवेतला तुटलेला तार शोधून, दोन टोकं चिमटीत धरून, गाठ मारत होता. एक मारली की दुसरा. किती सफाईनं! बोटं थरथरत होती पण गाठ मारायची लकब तीच, अंगठ्याखालून घेऊन ओढायची ती. मधूनच माझ्यावर ओरडायचा, आठ नंबर बंद कर, आठ नंबर. मग भिंतीवरून मुंग्या उतरायलाल्यात म्हणून चादर झटकायला लागला. मग सलाइन उपसलं.

डॉक्टर आले, धरून इंजेक्शन दिलं, मला बाहेर घेऊन गेले. फार वैतागले नव्हते, थकल्यासारखं विचारलं, “रोज किती घेतात?” मी खरं सांगितलं. ते म्हणले रोज एवढी पिणाऱ्याची एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांनी असंच होतं, याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, फिट येऊ शकते, जीव पण जाऊ शकतो, आधी सांगितलं असतं तर पहिल्या दिवसापासून गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं चालू केली असती. “पाय काय, पाय जुळला असता हो.” एवढंच बोलले.

म्हणजे दारूनं नाही, माझ्या ‘नाही’नं अण्णा त्या रात्री जाऊ शकला असता. गल्लीतला तो माणूस मागं उभा होता म्हणून. ज्याला अण्णा पितो हे माझ्याइतकंच माहीत होतं, शंभर वेळा त्याच्याबरोबर बसला असेल तो. मी नक्की कुणापासून काय लपवत होतो?

आता खरं सांगितल्याचं पण ऐका. डॉक्टरांनी फाइलवर प्रामाणिकपणे लिहिलं, रोज मद्यपान, इतकी वर्षं. दोन वर्षांपूर्वी मीच मागं लागून अण्णाची मेडिक्लेम पॉलिसी काढलेली, हप्ता पण मीच भरायचो. क्लेम टाकला, एक लाख चाळीस हजाराच्या आसपास बिल होतं. नामंजूर. दारूचं व्यसन आणि त्यातून होणारे परिणाम कव्हर नाहीत, कलम अमुक. वर पॉलिसीच्या फॉर्मवर ‘मद्यपान: नाही’ लिहिलेलं, ते पण माझ्याच अक्षरात. कंपनीचं नाव घेऊन बोंबलत नाही, ते कलम बहुतेक सगळ्याच पॉलिसीत असतंय, तुमच्या पण असेल, काढून बघा. शेवटी पतसंस्थेतून कर्ज काढलं.

गंमत म्हणजे २०१७ चा जो मानसिक आरोग्य कायदा आहे त्यात दारू आणि ड्रग्जच्या सेवनातून होणारे मनाचे त्रास मानसिक आजारातच धरलेत, आणि त्याच कायद्यात म्हणलंय की शरीराच्या आजाराला जसा विमा देता तसा मानसिक आजाराला पण द्या. वाचायला छान वाटतं. मी एजंटला दाखवलं तर तो म्हणला, “साहेब, कोर्टात जायचंय का तुम्हाला?” नव्हतं जायचं.

त्यानंतर घरात जो कार्यक्रम सुरू झाला त्याला काय म्हणावं. काकूनं, म्हणजे अण्णाच्या आईनं, कुठून तरी ‘न कळत दारू सोडवा’वाली पावडर मागवली आणि आमटीत घालून द्यायला लागली. महिनाभर घरात सगळ्यांना वाटायचं अण्णाला अ‍ॅसिडिटी झालीय. ती पावडर कशाची होती देव जाणे. दारू घेतली की उलट्या व्हाव्यात म्हणून द्यायची खरी गोळी असते, पण ती पिणाऱ्याला सांगून, तपासण्या करून द्यायची असते, कारण वरून दारू गेली तर जिवावर बेततं. एका मामानं सांगितलं शपथ घ्या. सिद्धेश्वराच्या पायरीवर नेऊन शपथ घेतली, अकरा दिवस टिकली. सासरच्यांनी वहिनीला ऐकवलं, तुला सांभाळता आला नाही. वहिनी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर बसते, घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो, आणि सांभाळायचं पण तिनंच. लग्नाच्या वेळी तिच्या घरच्यांना काय सांगितलं होतं माहितीय का? “पोरगा थोडी घेतो, पण लग्न झालं की सुधरेल.” म्हणजे आमच्या घरच्यांनी एक औषध मागवलं होतं आणि ते औषध ही बाई होती.

डॉक्टरकडं, म्हणजे व्यसनाच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणलं तर मात्र सगळे एकदम गप्प. “वेड्याच्या डॉक्टरकडं? लोक काय म्हणतील? उद्या पोरीचं लग्न व्हायचंय.” चौकात पडलेला चालतो, डॉक्टरच्या बाकड्यावर बसलेला दिसला नाही पाहिजे. २०१९ मध्ये केंद्र सरकारचा एक मोठा सर्व्हे आला होता, एम्सनं केलेला. देशात १६ कोटी लोक पितात, त्यातल्या साधारण पावणेसहा कोटींना दारूमुळं मदतीची गरज आहे, आणि ज्यांना पक्कं व्यसन आहे त्यांच्यातल्या ३८ पैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतात. आमच्या दहावीच्या वर्गात चाळीसेक पोरं होती. तेवढ्यातला एक. मी तो आकडा वाचून आश्चर्य करायच्या ऐवजी विचार करायला लागलो की तो एक तरी कसा काय गेला असेल, त्याच्या घरचे आमच्यासारखे नसणार.

शेवटी अण्णा गेला तो स्वतःच गेला. कारखान्यातल्या एका जुन्या माणसानं त्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला नेलं. हे मूळ अमेरिकेतलं, १९३५ मध्ये दोन दारुड्यांनीच सुरू केलं, त्यातला एक तर डॉक्टर होता. फी नाही, नाव-पत्ता नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. मी एकदा ओपन मीटिंगला गेलतो अण्णाबरोबर. एका शाळेचा वर्ग, फळ्यावर दुसरी ब आणि पाढे लिहिलेले, आणि त्या लहान बाकड्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठमोठी माणसं. एक वकील, एक रिक्षावाला, एक रिटायर्ड मास्तर. प्रत्येक जण उठतो, नाव सांगतो, मी बेवडा आहे म्हणतो. अण्णानं पण म्हणलं. ज्या शब्दासाठी आमच्या घरात दोन वर्षं भावकीशी बोलणं बंद होतं तो शब्द तो तिथं आरामात म्हणला आणि बाकीच्यांनी नुसतं “नमस्कार” म्हणलं. नंतर चहा झाला. ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात ते लोक, उद्याचं बोलतच नाहीत.

अण्णानं सलग चौदा महिने नाही घेतली. आणि या चौदा महिन्यांत मला जे दिसलं ते मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं लोक खूश होतील! बोलावणी कमी झाली. “तो येऊन काय करणार, नुसता थम्सअप पीत बसतो, आपल्याला पण प्यायला कसंतरी वाटतं.” जे पूर्वी म्हणायचे सुधर जरा, तेच आता म्हणायला लागले एवढं काय स्ट्रिक्ट, लिमिटमध्ये घ्यायची. लिमिट! ज्या माणसाचा ब्रेकच निकामी झालाय त्याला हळू चालव म्हणून सांगायचं. आणि जो पिणं सोडतो त्याच्याकडं लोक असं बघतात जसं काय त्यानं यांच्या ग्लासात वाकून मोजून बघितलंय. ‘मी श्रावण पाळतो’ म्हणलं की चालतं. गटारीला आदल्या दिवशी फुल होऊन महिनाभर बंद, वा! ‘अँटिबायोटिक चालू आहे’ चालतं. ‘लिव्हरचा रिपोर्ट खराब आलाय’ म्हणलं तर सहानुभूती पण मिळते. फक्त ‘मला हा आजार आहे, मला एक पण घोट चालत नाही’ हे चालत नाही. लगेच कुणीतरी, “नाही बे, तू काय बेवडा आहेस का?”

हो, तेच तर सांगलालाय तो.

आता माझं सांगतो म्हणलं होतं ते. ३१ डिसेंबर २०२१, माझ्याच गच्चीवर. मी महिन्यातून दोनदा घेतो, अजून पण घेतो, लपवत नाही. सगळे बसलेले, अण्णा कोपऱ्यात शेंगदाणे सोलत बसलेला, बिचारा एकटा वाटत होता. कसला एकटा, मजेत होता तो, मलाच त्याला तसं बघून अवघड होत होतं. मी जाऊन म्हणलं, “अण्णा, बिअर घे अर्धी. बिअर काय दारू नाही.” महिन्याभरात तर मंत्रिमंडळात सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला आणि टीव्हीवर मोठमोठे लोक सांगत होते वाईन म्हणजे दारू नव्हे, मी एकटाच मूर्ख नव्हतो एवढंच समाधान. अण्णानं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी नाईन्टीवर होता. दोन महिने गेले त्यात. कामावरून काढलं, वहिनी पोरीला घेऊन माहेरी गेली. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, अण्णाला सगळे बोलले.

१४ मार्च २०२२ पासून परत बंद आहे. तारीख मी सांगतोय, तो सांगत नाही, तो फक्त आज म्हणतो. त्याच मालकानं परत कामावर घेतलं, आता पूर्वीसारखा हात नाही राहिला पण आठ-दहा माग सांभाळतो.

आणि माळ? माळ त्यानं त्याच वर्षी घातली. आषाढीच्या आधी. देवाधर्माचं वेड लागून नाही. पंढरपूर इथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, एसटीनं एकटाच गेला, तीस रुपयांची माळ घेतली आणि गळ्यात घालून संध्याकाळी परत. मला म्हणला, “कंटाळा आला रे. प्रत्येक ठिकाणी समजावून सांगायचं, मला काय झालंय, कधी झालंय. माळ दाखवली की माणूस पुढचं विचारत नाही.” खरंच नाही विचारत. इतक्या वर्षांत डॉक्टरच्या फाइलनं जे झालं नाही ते तीस रुपयांच्या मण्यांनी केलं.

पण काकूनं बघितलं आणि तिचं दुसरंच. “माळ घातली ना? मग मटण बंद. देवाला फसवायचं नाही.” अण्णा म्हणला अगं मी काय वारकरी नाही, लोकांसाठी घातलीय. काकू ऐकेना. “लोकांसाठी घातलेली देवाला दिसत नाही का?” झालं. आणि आमच्या घरात रविवारचं मटण म्हणजे काय ते आमच्या घरच्यांनाच माहीत, काळ्या मसाल्याचा रस्सा, कडक भाकरी कुस्करून. अण्णाला दारूपेक्षा मटण सोडणं जड गेलं, हे तो स्वतः सांगतो. मीटिंगमध्ये पण सांगितलं म्हणे, सगळे खो-खो हसले.

मागच्या दिवाळीनंतर त्याच्या पोरीला स्थळं यायला लागली. बायोडेटात मुलाच्या नावापुढं ‘निर्व्यसनी’ असतंच, सुपारीच्या खांडाचं पण नाही. एका ठिकाणी आम्ही बघायला गेलतो, चांगली माणसं वाटली, हॉलमध्ये शोकेसच्या वर एक विलायती व्हिस्कीची रिकामी बाटली आणि त्यात मनी प्लांट. मुलाच्या वडिलांनी हसत सांगितलं, बाहेरून आणलेली, मित्रानं दिली. बोलता बोलता त्यांनी अण्णाला विचारलं आपण घेता का, तर अण्णानं सरळ सांगितलं, “पूर्वी खूप प्यायचो, व्यसन होतं, आता सोडून साडेतीन वर्षं झाली.” पोह्याची प्लेट तिथंच थांबली. आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन, पत्रिका जुळत नाही. आणि वर मध्यस्थ मलाच समजावतोय, “कशाला सांगायचं ते सोडलं-बिडलं, माळकरी आहेत एवढंच सांगा ना, माळकरी घर म्हणलं की उड्या पडतात.” बाटलीत मनी प्लांट लावणाऱ्याला पिणारा व्याही चालला असता, सोडलेला चालला नाही.

सरकारला तरी काय नावं ठेवायची. १९४९ च्या कायद्याचं नाव अजून दारूबंदी कायदा आहे. त्या हिशेबानं परवान्याशिवाय पिणं हाच गुन्हा, म्हणून ते पाच रुपयांचं एक दिवसाचं परमिट, जे तुमच्या-माझ्यापैकी किती जणांनी हातात घेऊन बघितलंय? त्याच कायद्याच्या खात्याला दरवर्षी महसुलाचं टार्गेट. आणि बायकांना सांगायचं गावातलं दुकान नको असेल तर मतदान करा, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू, पण झालेल्या मतांपैकी निम्मी नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आमदाराला एवढी अट लावली तर किती जण निवडून येतील बघा.

हुरडा पार्टीच्या दुसऱ्या दिवशी १२ जानेवारी होती. सकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर कालच्या डिकीवाल्यांतल्या चौघांच्या स्टेटसला चार हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. आपल्याला शाळेत सोलापूरचा मार्शल लॉ शिकवतात, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी शिकवतात, पण सुरुवात कशानं झाली ते कुणी लक्षात ठेवत नाही. गांधीजींना अटक झाल्यावर ८ मे १९३० ला लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले होते. शिंदी म्हणजे दारूच की. झाडं तोडली म्हणून धरपकड, मग गोळीबार, त्यात शंकर शिवदारे गेले, आणि तिथून सगळं पेटलं. ज्या गावाचा एवढा मोठा लढा दारूच्या झाडावर कुऱ्हाड घालून सुरू झाला त्या गावात आम्ही हँगओव्हरमध्ये हुतात्म्यांना अभिवादन करतोय. मी पण केलं. यावेळी हँगओव्हर नव्हता एवढंच.

हां, तर पार्टीचं राहिलंच. संध्याकाळी चुलीवर मटण होतं. अण्णा पंगतीत बसला नाही, चुलीजवळच उभा राहून लाकडं आत सारत होता, मधेच वाढणाऱ्याला म्हणला रस्सा खालून हलवून घे, तर्री सगळी वर आलीय. त्याला पिठलं आणि भाकरी वेगळी केलती. डिकीवाला तो माणूस तिसऱ्या पेगनंतर येऊन अण्णाच्या पाया पडला, “माऊली, माझी पण सुटू द्या एकदा.” अण्णानं त्याला उठवून खिशातनं पेन काढलं आणि त्याच्या हातावर मीटिंगचा वार आणि वेळ लिहून दिली. त्यानं ते बघितलं, हसला, “मी काय बेवडा आहे का अण्णा,” म्हणला आणि थुंकी लावून पुसायला लागला.

परत येताना गाडी मीच चालवत होतो, यावेळी मी घेतली नव्हती, अण्णाला नेलंय म्हणून. काच खाली करून तो गार वाऱ्यात बसला होता. गाव जवळ आल्यावर विचारलं, “मीठ बरोबर होतं का रे रश्शात? वासावरून तर चांगला वाटत होता.”

“जास्त झालतं,” मी म्हणलं. “खारट.”

खोटं बोललो. एक नंबर झालतं.